नवरा पास्टरेट कमिटीवर, संबंध बाहेर, आणि पाळक म्हणतात ‘क्षमा करा’. अशा वेळी बायकोने काय करावं?

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते तुम्हांला कळेल. लग्नाला चौदा वर्षं झाली. दोन मुलं. नवरा पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा (चर्चच्या लोकांचा) कारभार पाहणाऱ्या समितीवर आहे आणि रविवारच्या उपासनेत गीतं तोच चालवतो. त्याच मंडळीतल्या एका बाईशी त्याचे संबंध असल्याचं तुम्हांला फोनवरच्या मेसेजमधून कळलं. आधी त्याने नाकारलं, मग कबूल केलं आणि त्याच रात्री म्हणाला, “मी देवापुढे कबूल केलंय, देवाने मला क्षमा केलीय, आता तू हा विषय काढायचा नाही.” पाळकांकडे गेलात तर ते म्हणाले, सत्तर वेळा सात क्षमा करा, मंडळीचं नाव जाईल असं काही करू नका. पुढच्या रविवारी तो पुन्हा माइकवर उभा होता. तुमचे प्रश्न दोन आहेत. क्षमा करता येत नाही म्हणजे माझ्या विश्वासातच खोट आहे का? आणि घरात राहू की निघू?

मी निवृत्त पाळक आहे. नगर आणि पुणे भागात सेवा केली, अजूनही जोडपी बोलायला येतात. मी प्रॉटेस्टंट परंपरेतला, त्यामुळे कॅथलिक शिकवण वेगळी आहे तिथे तसं सांगेन. मला फक्त तुमची बाजू माहीत आहे. तुमच्या नवऱ्याच्या मनात काय चाललंय हे मी सांगू शकत नाही. पण तो काय म्हणाला, पाळक काय म्हणाले आणि त्यानंतर काय घडलं हे तुम्ही स्पष्ट लिहिलंय, आणि त्यावर मी ठामपणे बोलू शकतो.

मला यात तुमच्या क्षमाशीलतेचा प्रश्न फारसा दिसत नाही. क्षमा, समेट आणि मंडळीतलं पद या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच गाठोड्यात बांधून तुमच्या डोक्यावर ठेवल्यात. तुम्ही क्षमा केलीत की नवरा-बायको म्हणून सगळं पूर्ववत झालं पाहिजे आणि त्याचा माइकही त्याच्या हातात राहिला पाहिजे, असा याचा अर्थ लावला जातोय. पवित्र शास्त्रात असं कुठेही बांधलेलं नाही.

पाळकांनी सांगितलेलं वचन मत्तयच्या अठराव्या अध्यायातलं बाविसावं. तुमचं शास्त्र उघडा आणि त्याच अध्यायातली पंधरा ते सतरा ही वचनं वाचा. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याला त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. हे प्रभू येशूचंच बोलणं आहे, क्षमेच्या वचनाच्या थोडंसंच आधीचं. बाविसाव्या वचनानंतर जो दाखला येतो त्याची सुरुवात कशी होते तेही बघा. राजा आपल्या दासांचा हिशेब घ्यायला बसतो. कर्जदाराला समोर आणलं जातं, कर्ज किती ते सांगितलं जातं, दहा हजार तालांत, म्हणजे अफाट रक्कम. तो पाया पडतो, फेडतो म्हणतो. मग राजाला त्याची दया येते. त्या सगळ्या गोष्टीत कर्जाचा विषय काढू नका असं कुणी म्हणत नाही. हिशेब आधी झाला, सूट नंतर मिळाली.

म्हणून क्षमेबद्दल माझं मत असं. सूड सोडून देणं, त्याचं वाईट व्हावं ही इच्छा देवाच्या हाती देऊन टाकणं, हे तुमच्या आणि देवाच्या मधलं काम आहे. त्याला वेळ लागतो. आज जमलं असं वाटतं आणि परवा पुन्हा छातीत कळ येते. यात विश्वासाची खोट नाही. समेट मात्र एकट्याने होत नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात प्रभू म्हणतो, भावाने अपराध केला तर त्याला दोष दे आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. पश्चात्तापाआधी क्षमा करायची की नाही यावर पाळकांमध्येही मतभेद आहेत. पण पश्चात्तापाशिवाय समेट होत नाही, यावर कुणी वाद घालेल असं मला वाटत नाही. आणि पदाचा प्रश्न तर पूर्णपणे मंडळीचा. त्याचं ओझं तुमच्यावर टाकणं हा अन्याय आहे.

आता “माझं देवाशी मिटलं” या वाक्याकडे येतो. अशा प्रकरणांत जवळजवळ प्रत्येक नवरा हे कधी ना कधी म्हणतो, आणि बहुतेक वेळा दावीद राजाचा आधार घेतो. एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतोच की मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं. मग बायकोचा संबंध काय? संबंध कळायचा असेल तर त्या स्तोत्राचं शीर्षक वाचा. बथशेबेपाशी (ती दुसऱ्याची बायको होती) गेल्यानंतर नाथान संदेष्टा दाविदाकडे आला त्या वेळचं हे स्तोत्र, असं तिथे उघड लिहिलंय, आणि ते मुख्य गवयाच्या हाती दिलंय. म्हणजे राजाची कबुली गायकवर्गाकडे गेली आणि लोकांनी ती उपासनेत म्हटली. दाविदाने ‘हे माझं आणि देवाचं’ म्हणून दार लावून घेतलं नाही. तुमचा नवरा गायक आहे, त्याला हे शीर्षक तरी ठाऊक असायला हवं.

त्याआधीचा प्रसंग २ शमुवेलच्या बाराव्या अध्यायात आहे. नाथान राजाला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद संतापून म्हणतो, ज्याने ती मेंढी घेतली त्याने चौपट भरून द्यावी. नाथान म्हणतो, “तो मनुष्य तूच आहेस.” दावीद कबूल करतो आणि देवाने तुझं पाप दूर केलंय हे त्याला लगेच सांगितलं जातं. पण तेवढ्यावर अध्याय संपत नाही. त्याच्या कृत्याचे परिणाम त्याच्या घराला भोगावे लागले. क्षमा मिळाली आणि परिणामही आले, एकाच अध्यायात. चौपट हा आकडा पुढे नव्या करारातही भेटतो. जक्कय नावाचा जकातदार म्हणतो, कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो, आणि प्रभू म्हणतो, आज या घराचं तारण झालंय.

पाप करणारा प्रत्येक माणूस ढोंगी असतो असं मी म्हणत नाही. मोहात पडलेली, लाजेने ते लपवणारी, आतून कुरतडली जाणारी माणसं मी पाहिलीत. त्यांच्यासाठी मंडळीत जागा असलीच पाहिजे. पण धर्माचा उपयोग हत्यारासारखा सुरू झाला की गोष्ट बदलते. बायकोने प्रश्न विचारला की इफिसच्या पाचव्या अध्यायातलं अधीनतेचं वचन काढायचं आणि त्याच अध्यायातलं, ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी बायकोवर प्रीती करा, हे वचन गाळायचं. ती रडली तर तिच्या मनात कटुता आहे म्हणायचं. एक प्रसंग सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. माझ्यासमोर एक जोडपं बसलं होतं. मी नवऱ्याला सरळ विचारलं, “तिचा नंबर अजून तुमच्या फोनमध्ये आहे का?” त्याने क्षणभरही न थांबता हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाला, “पास्टर, आधी प्रार्थना करू या.” शेजारी बायकोनेही सवयीने पदर डोक्यावर घेतला. मी म्हणालो, डोळे उघडा, उत्तर द्या, मग प्रार्थना करू. उत्तर यायला बराच वेळ लागला. नंबर होता, एका पुरुषाच्या नावाने साठवलेला.

देखाव्यासाठी लांब प्रार्थना करणारे आणि विधवांची घरं गिळणारे, असं प्रभूने शास्त्र्यांबद्दल, म्हणजे त्या काळच्या धर्मशिक्षकांबद्दल, एका दमात म्हटलंय. चुना लावलेल्या कबरांचं वचनही त्याच लोकांसाठी. आणि मलाखीचा दुसरा अध्याय तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. लोक वेदीवर आसवं ढाळतायत, देव आमचं अर्पण का स्वीकारत नाही म्हणून विचारतायत. संदेष्टा उत्तर देतो, तू आपल्या तरुणपणच्या पत्नीशी विश्वासघाताने वागलास आणि त्याला परमेश्वर साक्षी आहे. म्हणजे तुमच्या घरातल्या त्या रात्रीचा आणि रविवारच्या माइकचा संबंध आहे. तो देवानेच जोडलाय. पेत्राच्या पहिल्या पत्रातही पतींना सांगितलंय की पत्नीला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांमध्ये अडथळा येणार नाही.

खरा पश्चात्ताप कसा ओळखायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण राहायचं की निघायचं हे त्यावरच ठरेल. अश्रूंवरून ओळखू नका. मी बघतो ते असं: त्या बाईशी संपर्क पूर्ण तुटला आहे का आणि तो तुम्हांला तपासून बघता येतो का. सत्य एकदाच आणि पूर्ण सांगितलं का. रोज एक तुकडा बाहेर येत राहिला तर बायको प्रत्येक वेळी नव्याने मोडते. माझ्याकडे आलेल्या अनेक बायकांनी सांगितलं की मूळ गोष्टीपेक्षा हे जास्त लागलं. तुम्हीही विचारताना कोण, कधीपासून, कुठे, पैसे किती गेले, मुलांना कधी मध्ये आणलं का, एवढंच विचारा. शरीराचे तपशील विचारू नका, ते नंतर डोक्यातून जात नाहीत. आणि तोच प्रश्न तुम्ही विसाव्यांदा विचारलात तर तो चिडतो की शांतपणे उत्तर देतो, हे बघा.

एका मंडळीत असंच झालं होतं. तिथल्या गृहस्थाने कुणी सांगायच्या आत कमिटीचा राजीनामा लिहून दिला. फोन बायकोच्या हाती दिला. दर वर्षी चर्चच्या आवारात हार्वेस्ट फेस्टिवलला लिलाव तोच पुकारायचा, भोपळ्याच्या आणि कोंबड्याच्या बोलीवर लोकांना हसवत हसवत. त्या वर्षी त्याने माइक दुसऱ्याला दिला आणि मागे सामान लावायला उभा राहिला. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाला, “मी सध्या त्या जागेच्या लायक नाही.” बायकोने त्याला परत स्वीकारलं, पण त्याला बराच काळ गेला, आणि घाई तिने केली नाही, त्यानेही नाही. तुमच्या नवऱ्याने पुढच्याच रविवारी माइक धरला. या दोन गोष्टींतला फरक तुम्हांला दिसतोच आहे.

आता मंडळीचं नाव. ताई, मंडळीचं नाव तुमच्या बोलण्याने जात नाही. १ तीमथ्यच्या पाचव्या अध्यायात वडिलांवरच्या, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरच्या आरोपासाठी दोन-तीन साक्षी मागितलेत, म्हणजे खोट्या आरोपापासून संरक्षण आहे. पण लगेच पुढे म्हटलंय की पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे. पांघरूण घालण्याची किंमत किती मोठी असते हे सगळ्या जगाने पाहिलंय. चेन्नईत जन्मलेले आणि अमेरिकेतून जगभर ख्रिस्ती विश्वासावर व्याख्यानं देणारे रवी झकरायस मे २०२० मध्ये वारले. त्यांच्याबद्दलच्या तक्रारी हयातीतच पुढे आल्या होत्या, पण त्यांची संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला आणि त्यात अनेक स्त्रियांशी केलेलं लैंगिक गैरवर्तन नोंदलेलं होतं. तिथली गोष्ट तुमच्या घरातल्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. पण सेवेचं नाव राखायचं म्हणून तक्रार करणाऱ्या बाईलाच गप्प करायचं, ही रीत तीच.

म्हणून असं करा. तुमचा विश्वास असलेली एक वयस्कर बाई आणि मंडळीतला किंवा नात्यातला एक स्वच्छ माणूस बरोबर घ्या. पाळकांना पुन्हा भेटा, या वेळी लेखी पत्र देऊन. पत्रात फक्त घडलेलं लिहा, तारखांसह, विशेषणं नकोत. पाळक हलले नाहीत तर पत्राची प्रत बिशपांकडे किंवा तुमच्या संप्रदायात जे वरचे अधिकारी असतील त्यांच्याकडे जाईल हे त्यांना सांगा, आणि पाठवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. राग आहे म्हणून वाटेल, पण त्यातून मुलांची नावं चव्हाट्यावर येतात आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. त्या दुसऱ्या बाईला चर्चच्या दारात गाठू नका. तिची जबाबदारी आहेच, तरी योहानच्या आठव्या अध्यायात लोकांनी फक्त बाईला ओढून आणलं होतं आणि पुरुष कुठे होता हे कुणी विचारलं नव्हतं, हे आपण विसरता कामा नये. प्रभूने तिला दगडांपासून वाचवलं आणि “जा, यापुढे पाप करू नकोस” असंही म्हटलं. ती तुमच्या नवऱ्याच्या हाताखाली काम करत असेल किंवा वयाने फार लहान असेल, तर हे प्रकरण आणखी वेगळं आहे आणि तेही कमिटीला सांगायला हवं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण याबाबत आपल्या समाजात फार गैरसमज आहेत. ख्रिस्ती लोकांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरायचं, बायकोला मात्र त्याबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून जाणं असं आणखी काही दाखवावं लागायचं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच हा भेदभाव रद्द ठरवला होता. आता दोघांनाही सारखाच आधार आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं फौजदारी कलम रद्द केलं म्हणून आता काही करता येत नाही असं तुम्हांला कुणी सांगेल. ते चूक आहे. तो गुन्हा राहिला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि यासाठीच वकिलाला लवकर भेटा. या कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे सगळं कळल्यावरही नवरा-बायकोचे संबंध सुरू ठेवले किंवा पुन्हा सुरू केले, तर कोर्ट त्याला तुम्ही ते माफ केलं असं मानू शकतं, आणि मग ते कारण उरत नाही. पाळकांच्या सल्ल्याने, मन तयार नसताना ‘सगळं विसरून’ राहायला सुरुवात केलीत तर तुमचा पुढचा मार्ग तुम्हांला न कळत बंद होऊ शकतो. कॅथलिक कायद्यातही असंच आहे. व्यभिचार झाला तर निर्दोष जोडीदाराला वेगळं राहण्याचा हक्क आहे, पण कळल्यावर सहा महिने पती-पत्नी म्हणून राहिलं आणि कुठेही दाद मागितली नाही, तर माफ केलं असं धरतात. लग्नबंधन मात्र त्यांच्याकडे तुटत नाही. चर्चच्या न्यायाधिकरणाने लग्न मुळात अवैध होतं असं ठरवलं तरी त्याने दिवाणी घटस्फोट होत नाही, त्यासाठी कोर्टातच जावं लागतं. तुम्ही गोव्यात असाल तर तिथला कायदा वेगळा आहे, तिथल्याच वकिलाला विचारा.

त्याला जोडून एक नाजूक गोष्ट. १ करिंथच्या सातव्या अध्यायातलं “एकमेकांची वंचना करू नका” हे वचन काढून नवरा जवळीक मागत असेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. त्याच अध्यायात पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे असंही लिहिलंय आणि तो करार त्याने मोडलाय. स्वतःची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात एचआयव्ही चाचणी मोफत होते आणि गुप्त ठेवतात. बाकीच्या संसर्गांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. लाज तुमची नाही.

राहू की निघू, याचं सरळ उत्तर मी देणार नाही, कारण ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे. मारहाण किंवा धमकी आहे का? असेल तर पश्चात्तापाची वाट बघू नका, मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा, १८१ वर किंवा ११२ वर फोन करा. तुमच्या नावावर उत्पन्न किंवा खातं आहे का? नसेल तर आजच लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे कागद यांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. पोटगी मागता येते, पण तिला वेळ लागतो. आणि तिसरं, वर सांगितलेल्या पश्चात्तापाच्या खुणांपैकी काही दिसतं का? मारहाण नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत कायमचा निर्णय घेऊ नका, वेगळ्या खोलीत झोपा, वकिलाशी बोलून ठेवा. मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात सूटपत्राबद्दल, म्हणजे घटस्फोटाबद्दल बोलताना प्रभूने व्यभिचाराचा अपवाद केलाय. आमच्या परंपरेत त्याचा अर्थ असा की अशा वेळी बायको निघाली तर तिने करार मोडला असं होत नाही. निघावंच असा तो हुकूम मात्र नाही. निघालेल्या आणि राहिलेल्या, दोन्ही प्रकारच्या बहिणींना मी प्रभुभोजन दिलंय, आणि दोघींनाही सारख्याच मोकळ्या मनाने.

मुलांना खोटं सांगू नका आणि सगळंही सांगू नका. “आईबाबांमध्ये एक गंभीर गोष्ट झालीय, त्यात तुमची काही चूक नाही” एवढं पुरे. मोठ्या मुलीने थेट विचारलं तर नाकारू नका. संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा शिकणाऱ्या मुलीला घरात खोटं सापडलं तर तिला दोन्हींवरचा भरवसा ठेवणं अवघड जातं.

शेवटी तुम्ही लिहिलंत की तो गातो तेव्हा तुम्हांला उभं राहवत नाही आणि प्रार्थना होत नाही. उभं राहू नका. काही आठवडे गावातल्या दुसऱ्या चर्चमध्ये जा, मागच्या बाकावर बसा, कुणाला कारण देऊ नका. सभासदत्वाचं पत्र हलवायचं की नाही ते नंतर बघता येईल. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर पंचावन्नावं स्तोत्र वाचा, मोठ्याने. शत्रूने निंदा केली असती तर मी सोसलं असतं, पण हा तूच होतास, माझा सोबती, आपण बरोबरच देवाच्या घरात जात होतो, असं त्यात दावीद म्हणतो. ते वाचताना राग आला तर येऊ द्या, त्या स्तोत्रातही तो आहे.